इंद्रायणीबाईंचे कान आणि गच्चीवरचा अँटेना

इंद्रायणी महागावकर या बाईंशी एकदाही भांडण झालं नाही असा माणूस आमच्या सोलापूरच्या हौशी रेडिओवाल्यांत कुणी दाखवून द्यावा, मी त्याला चहा पाजीन. बाई निवृत्त शिक्षिका. उभी हयात हायस्कुलात विज्ञान शिकवण्यात गेली, त्यामुळे समोरचा चुकीचं बोलायला लागला की त्यांना वाक्य संपेपर्यंत धीर निघत नाही. मी सयाजी, पंपाच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान चालवतो, आणि मला कुणी मधे तोडलेलं खपत नाही. तेव्हा आमचं आठवड्यातून एकदा ठरलेलंच. तरी बाईंची ही गोष्ट मीच सांगणार, कारण बाकीचे सांगायला बसले तर सगळं गुळगुळीत करून ठेवतील.

आमचा छंद थोडक्यात सांगतो. सरकारी परीक्षा द्यायची, लायसन्स काढायचं आणि घरातल्या रेडिओ संचावरून एकमेकांशी बोलायचं. मोबाइल असताना हे कशाला, असं विचारणाऱ्यांना उत्तर देणं मी सोडून दिलंय. आमच्या छोट्या संचांचा आवाज लांब पोचत नाही, म्हणून सात रस्त्याजवळच्या एका उंच इमारतीच्या गच्चीवर आम्ही वर्गणी काढून रिपीटर बसवलाय. तो कुणाचाही बारीक आवाज ऐकतो आणि त्याच क्षणी तेच बोलणं जोरात चहूकडे पोचवतो. त्याचं ऐकणं आणि बोलणं दोन्ही एकाच अँटेनावर चालतं. हा अँटेना म्हणजे फायबरची एक लांब पांढरी नळी, आत तांब्याची तार. पंढरपुरातला माणूस बोलला आणि वळसंगला ऐकू आलं, तर ते त्या नळीच्या जिवावर.

रोज सकाळी सातला रिपीटरवर आमचं नेट भरतं. नेट म्हणजे हजेरीच. बाई विजापूर रोडच्या आपल्या घरातून एकेकाचं नाव पुकारतात, त्यानं आपलं बरंवाईट सांगायचं, बाईंनी दोन शब्द बोलायचे आणि पुढचं नाव घ्यायचं. पंढरपुरातून लॉजवाला अवधूत येतो, सांगोल्याकडून बिरुदेव येतो. बिरुदेव झेडपीच्या शाळेत मास्तर आहे, घरी मेंढरं आहेत, आणि तो नेटवर दोन्हींबद्दल एकाच सुरात तक्रार करतो. वळसंगहून निंगप्पा यायचा. कोरडवाहू रान, चार शेळ्या, आणि बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. बाईंना तो अक्का म्हणायचा. बाईही त्याला सगळ्यांत जास्त वेळ द्यायच्या, आणि आम्ही त्यावर कुरकुर करायचो.

रिपीटरची निगा बाईच राखायच्या. बॅटरीत पाणी घालणं, गच्चीच्या किल्लीसाठी वॉचमनशी गोड बोलणं, पावसाळ्याआधी केबलच्या जोडांना टेप गुंडाळणं, यात दुसऱ्या कुणी हात घातलेला त्यांना चालत नसे. खंडेनवमीला आपण हत्यारं-अवजारं पुजतो, तशा त्या हळदकुंकू आणि झेंडूची माळ घेऊन गच्चीवर जायच्या आणि रिपीटरची पूजा करून यायच्या. मागच्या दसऱ्याच्या वेळी गेल्या, तर उन्हानं नळीचा वरचा थर फुटायला लागलेला. हात लावला की पांढरी भुकटी निघत होती. त्याच दिवशी इमारतीचा रंगारी पाण्याची टाकी आणि कठडे चंदेरी करत होता. आमच्याकडं उन्हात उभं राहणारं सगळं चंदेरीच करतात, ऊन परतवतं म्हणून. बाईंनी त्याला नळीलाही हात मारायला लावला. गुढीपाडव्याच्या आधी दुसराही हात दिला, कारण पहिला पातळ वाटला. खालून बघितलं की नळी चकाकायची. आता शोभा आली, असं मीच म्हणालो होतो.

थंडीत काही जाणवलं नाही. थंडीत आमच्या पठारावर सकाळची हवा अशी काही बसते की लहरी नेहमीपेक्षा लांब जातात, सगळ्यांचे आवाज आपोआप सुधारतात. पाडवा गेला, ऊन तापलं आणि बाईंना सकाळच्या नेटवर माणसांचे शब्द नीट लागेनात. अवधूतचं अर्धं वाक्य खरखरीत जायचं. बिरुदेव विहिरीतून बोलल्यासारखा यायचा. निंगप्पाची तर नुसती सळसळ.

आता इथे एक गंमत आहे, ती समजून घ्या. संचावर एक काटा असतो, समोरचा किती जोरात येतोय ते दाखवणारा. पण रिपीटरवरून ऐकताना तो काटा रिपीटरचा जोर दाखवतो, बोलणाऱ्याचा नाही. बाईंचं घर रिपीटरच्या जवळ, त्यामुळे काटा कायम टोकाला. म्हणजे यंत्र सांगतंय की आवाज भरपूर आहे, आणि बाईंना तर शब्द कळत नाहीत.

दुसरी गंमत आमच्या रीतीची. रेडिओवर कुणी विचारलं की माझा आवाज कसा येतोय, तर उत्तर 'फाइव्ह नाइन'. पाच म्हणजे शब्द न् शब्द कळतोय, नऊ म्हणजे जोर झकास. परीक्षेच्या पुस्तकात याची मोठी कोष्टकं आहेत, पण प्रत्यक्षात सगळे सगळ्यांना फाइव्ह नाइनच देतात. वाढणाऱ्या बाईनं भाजी कशी झालीय विचारलं तर आपण दुसरं काही म्हणतो का, त्यातलाच प्रकार. बाई बिरुदेवला विचारायच्या, अवधूत कसा येतोय तुम्हाला? बिरुदेव म्हणायचा, फाइव्ह नाइन बाई. अवधूतला विचारलं, बिरुदेव कसा येतोय? फाइव्ह नाइन. मला विचारलं, तर मीही तेच म्हणायचो.

विज्ञानाच्या बाईच त्या, त्यांनी पुरावे मांडले. काटा भरलेला आहे, बाकी सगळ्यांना स्वच्छ ऐकू येतंय, मला येत नाही. म्हणजे माझे कान गेले.

घरात ताडून बघायची सोय नव्हती. त्यांचे यजमान नंदूकाका झेडपीत कारकून होते, आणि ते आयुष्यभर इतकं हळू बोलत आलेत की त्यांना खणखणीत कानाचा माणूसही दोनदा विचारतो. बाईंना रात्रंदिवस आपली आई, मालतीबाई, डोळ्यांसमोर येऊ लागली. मालतीबाईंचे कान पन्नाशीतच गेले होते. आधी माणसं त्यांच्याशी ओरडून बोलायची, मग खुणा करायला लागली, मग घरातल्या गोष्टी त्यांना सांगायचंच सोडून दिलं. लेकीबाळी हसत असल्या की म्हातारी एकेकीच्या तोंडाकडं बघायची. बाईंना बहिरेपणाची भीती नव्हती, त्या तोंडाकडं बघण्याची होती.

म्हणून त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. नेट चालूच ठेवलं. ज्याचं कळायचं नाही त्याला त्या अंदाजानं "बरं, छान" म्हणायच्या आणि पुढचं नाव घ्यायच्या. निंगप्पाच्या वाट्याला हे "बरं, छान" सगळ्यांत जास्त आलं. मे महिन्याच्या शेवटी तो येईनासाच झाला. बाई रोज नाव पुकारायच्या, थांबायच्या, आणि पुढे जायच्या. पण खरा त्रास वेगळाच होता. तो येतच नाही की येतो आणि आपल्यालाच ऐकू जात नाही, हेही त्यांना कळायला मार्ग नव्हता.

जूनमध्ये त्यांनी मला फोन करून सांगितलं की नेट आता अवधूतकडं द्या. मला वाटलं कुणाशी तरी वाजलंय, होतील गार. मी हं हं करून फोन ठेवला आणि अवधूतला काही कळवलंच नाही.

त्यानंतर एका दुपारी बाई माझ्या दुकानात आल्या. मी पंपाच्या मोटारीत तार भरत होतो. नंदूकाकांना मंगळवार बाजारात जाते म्हणून सांगून त्या घरातून निघाल्या होत्या, पण हातातली पिशवी रिकामी होती.

"सयाजी, मी कानाच्या डॉक्टरांकडून येतेय," त्या म्हणाल्या.

"का, काय झालं?"

"काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावला. आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी दाबत गेले. शेवटी डॉक्टर म्हणाले, बाई, तुमचे कान तुमच्यापेक्षा तरुण आहेत, कशाला आलात?"

"बरं झालं की मग."

"बरं कसलं? माझे कान चांगले असतील तर तुम्ही सगळे खोटारडे आहात."

मी हातातली तार खाली ठेवली. त्यांनी मग पाडव्यापासूनचं सगळं सांगितलं, आईसकट. सांगून झाल्यावर विचारलं, "आता खरं सांग. तुला अवधूत कसा ऐकू येतो?"

"खरखर येते," मी म्हणालो. "पण मला वाटलं माझ्याच केबलमध्ये पाणी गेलंय. मी परवाच नवीन टाकली."

"मग सुधारलं?"

"न्हाई."

"आणि तरी मला फाइव्ह नाइन म्हणालास."

"सगळेच म्हणतात की, बाई."

त्या गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं रागावल्यात. नीट बघितलं तर डोळ्यांतून पाणी चाललेलं आणि त्यातच हसत होत्या. इतक्या वर्षांत मी या बाईंना कधी रडताना पाहिलं नव्हतं. मी शेजारच्या टपरीवर दोन चहा सांगितले. चहा येईपर्यंत त्या सावरल्या होत्या, आणि आलं घालायला विसरला म्हणून टपरीवाल्याला बोलल्यासुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेट भरलं. बाईंनी हजेरीच्या आधीच सांगितलं, "आज जो कोणी फाइव्ह नाइन म्हणेल, त्याचं नाव मी आठवडाभर पुकारणार नाही. दुसऱ्याचा आवाज खरोखर कसा येतो तेवढं सांगा. कळलं नाही तर मी पुन्हा विचारीन, कंटाळू नका."

मग बिरुदेव बोलला. शब्द फाटके येत होते, बाईंनी तीनदा वदवून घेतले. "बाई, खरं सांगू का, मला तुमी सोडून कुणाचंच धड कळत न्हाई. माझा संच जुना झाला म्हनून मी नवीन घेतला. घरात अजून सांगितलेलं न्हाई."

मग अवधूत बोलला. त्यानं लॉजच्या गच्चीवर खांब उंच केला होता, त्यावरून भावाशी अबोला धरला होता, आणि त्याला वाटत होतं की शेजारच्या नव्या इमारतीनं आपला आवाज अडवलाय. एकेक जण असाच निघाला. ज्यानं त्यानं गुपचूप आपापलं घर उसवून ठेवलं होतं. आपलंच काहीतरी बिघडलंय, लोकांचं तर छान चाललंय, अशी प्रत्येकाची खात्री. मला हसू आवरेना. बाई मात्र प्रत्येकाला शांतपणे "धन्यवाद" म्हणत होत्या, आणि त्यांच्या आवाजावरून कळत होतं की त्यांना ते सगळं गोड लागतंय.

सगळ्यांचंच बिघडलं असेल, तर बिघाड कुणाच्याच घरात नाही. तो गच्चीवर आहे.

रविवारी आम्ही गच्चीवर गेलो. बाई, मी, पंढरपूरहून गाडी घेऊन आलेला अवधूत, आणि चहाचा थर्मास घेऊन नंदूकाका. बिरुदेवला मुद्दाम घरी ठेवला होता, लांबून बोलून बघायला.

आधी मी रिपीटरच्या खोलीत केबलला मीटर लावला. अँटेना बिघडला असेल तर पाठवलेली ताकद तो परत फेकतो आणि मीटरला ती दिसते. मीटर म्हणाला, सगळं ठीक. हाच मीटर मी उन्हाळ्यात, बाई दरवर्षीप्रमाणे जोडांना टेप गुंडाळत असताना, लावून बघितला होता आणि अँटेना चांगला आहे म्हणून बाईंना ठासून सांगितलं होतं.

"अँटेना ठीक आहे म्हणतोय मीटर," मी म्हणालो.

"मीटर कुठून बघतोय?" बाई म्हणाल्या.

प्रश्न बरोबर होता, म्हणून मला राग आला. ती केबल जुनी आणि लांबलचक. अँटेनानं परत फेकलेली ताकद खाली येईपर्यंत केबलच निम्मीअर्धी गिळून टाकत होती. मीटरपर्यंत पोचत होतं ते उरलंसुरलं, आणि ते बघून तो बिचारा सर्व कुशल सांगत होता.

मग आम्ही सोपा उपाय केला. अवधूतच्या गाडीच्या टपावर चुंबकानं चिकटवलेला छोटा अँटेना होता, जेमतेम दीड फुटाची काडी. ती काढून पाण्याच्या टाकीच्या पत्र्याच्या झाकणावर ठेवली, आखूड नव्या केबलनं रिपीटरला जोडली आणि मोठ्या नळीला सुट्टी दिली. बाई हातातला संच घेऊन कठड्याशी उभ्या राहिल्या.

"बिरुदेव, बोला," त्या म्हणाल्या.

"बोलतो की बाई. काय बोलू? सकाळधरनं हितंच बसलोय, चहाबी हितंच आला."

शब्द न् शब्द. मागं मेंढरं बें बें करत होती, त्यांच्यामागं कुणीतरी भांडी घासत होतं, तेही ऐकू येत होतं. अवधूत काडीकडं बघत राहिला. एवढी मोठी नळी आम्ही वर्गणी काढून आणली होती आणि गाडीच्या टपावरची काडी तिला भारी पडली.

संच कानापाशी धरून बाईंनी बिरुदेवला अजून बोलायला लावलं. मेंढरं किती झाली, पाऊस आहे का, शाळेत नवीन मास्तर आला का. त्याला वाटलं यंत्राची तपासणी चाललीय. मला माहीत होतं कशाची तपासणी चाललीय.

नळी खाली उतरवली. मीटर आता थेट तिच्या बुडाशी लावला आणि काटा नको तिकडं धावला. बिघाड नळीतच. पण कुठं? आत पाणी नव्हतं, जोड पक्के होते, तार तुटलेली नव्हती. मी डोकं खाजवत बसलो. बाई शेजारी उकिडव्या बसल्या होत्या आणि नखानं रंगाचा पोपडा काढत होत्या. पोपडा बोटावर घेऊन त्यांनी उन्हात धरला.

"सयाजी, चंदेरी रंगात काय असतं?"

"चंदेरी रंगच असतो, दुसरं काय."

"ॲल्युमिनियमची पूड असते," त्या सावकाश म्हणाल्या. "मी दरवर्षी नववीच्या वर्गात सांगत आले. धातूच्या डब्यात रेडिओ ठेवला तर तो बंद पडतो, हे दहावीला करून दाखवत आले. फायबरच्या नळीतून लहरी आरपार जातात म्हणून ती फायबरची असते. आणि मी तिला धातूचा सदरा शिवला. एक नाही, दोन."

अवधूत दुसरीकडं बघायला लागला. मग बाईच हसायला लागल्या. हसता हसता त्या गच्चीवर मांडी घालून बसल्या. "म्हणजे मीच माझ्या हातानं स्वतःला बहिरी केलं," त्या म्हणाल्या, "आणि दोष आईला देत होते."

नंदूकाका थर्मासचं झाकण फिरवत काहीतरी पुटपुटले. आम्ही सगळे वाकलो, तेव्हा कळलं. ते म्हणत होते, "मी दसऱ्यालाच म्हणालो होतो, नळीला रंग कशाला."

थिनरनं रंग काढून बघितला, नळी बरीच सुधारली, पण तिचा थर उन्हानं आधीच खाल्लेला. नवीन अँटेना लागणार होता, आणि मग कोणता घ्यायचा यावर आमची खरी जुंपली. अवधूतला तसलीच नवी नळी हवी होती, आणायची आणि लावायची. माझं म्हणणं, ऊन आणि विजा दोन्ही सोसायचं असेल तर ॲल्युमिनियमच्या पाइपच्या चार बंद कड्या कराव्यात आणि खांबावर एकाखाली एक बसवाव्यात. पाइप मी दुकानात वाकवून देतो. इथे धातू वरून झाकत नाही, तोच अँटेना असतो, आणि फायबरचं कवच नाही म्हणजे फुटायलाही काही नाही. बाईंनी माझी बाजू घेतली. हे इतकं क्वचित घडतं की मी पुढचे दोन दिवस सावधच होतो.

पण कड्या कशा बसवायच्या यावर पुन्हा अडलं. चारही एकाच बाजूला ठेवल्या तर त्या बाजूला जोर जास्त मिळतो आणि पाठीमागं कमी. चार दिशांना चार ठेवल्या तर सगळीकडं सारखं, पण बेताचं.

"चारही पश्चिमेला ठेवा की," अवधूत म्हणाला. "मी तिकडं, बिरुदेव तिकडं, उजनीच्या काठची मंडळी तिकडंच. वळसंगच्या बाजूला आहे कोण? एकटा निंगप्पा, आणि तो तर येतच नाही."

"येत नाही, का आपल्याला ऐकू येत नाही, ते आधी कळू दे," बाई म्हणाल्या. "चार दिशांना चार."

अवधूतनं फार ताणलं नाही. कड्या तयार झाल्या, खांबावर चढल्या, केबलही नवी घातली. यावेळी मी मीटर वरती टोकाशीच लावला आणि बाईंनी विचारायच्या आत तसं सांगून टाकलं.

नव्या अँटेनावरचं पहिलं नेट मी दुकानात बसून ऐकलं. आवाज असे येत होते की माणूस समोरच्या खुर्चीत बसलाय. बाईंनी एकेकाला नको तितका वेळ बोलू दिलं. अवधूतनं भावाशी पुन्हा बोलणं सुरू झाल्याचं सांगितलं. बिरुदेवनं घरी संचाचं कबूल केल्याचं सांगितलं आणि पुढं काय झालं ते सांगायचं टाळलं. बाईंचा आवाज मोकळा लागला होता. नेट सोडायची भाषा त्यांनी पुन्हा काढली नाही आणि आम्हीही आठवण दिली नाही.

शेवटी त्यांनी निंगप्पाचं नाव पुकारलं. उत्तर नाही. पण आता ती शांतता खरी होती. खरखर नाही, सळसळ नाही, नुसतं रिकामं. तो येत नव्हता, हे बाईंना पहिल्यांदा नक्की कळलं. दुसऱ्या दिवशी पुकारलं, तिसऱ्या दिवशी पुकारलं. मी म्हणालो, फोन करून बघा. त्या म्हणाल्या, जे रेडिओवर बिघडलंय ते रेडिओवरच नीट करायला हवं.

चौथ्या दिवशी हजेरी संपल्यावर त्यांनी बटण सोडलं नाही.

"निंगप्पा, तुम्ही ऐकत असाल तर हे तुमच्यासाठी आहे. पाडव्यापासून मला तुमचं एक अक्षर कळत नव्हतं. अँटेना मीच बिघडवून ठेवला होता आणि समजत होते की माझे कान गेले. लाज वाटली म्हणून सांगितलं नाही. तुम्ही काय बोलत होता ते न कळता मी बरं म्हणत होते, छान म्हणत होते. ते सगळं खोटं होतं. माझं चुकलं."

मग रिपीटर उठला, आणि आधी शेळीचा आवाज आला.

"अक्का," निंगप्पा म्हणाला. "मला वाटलं तुमाला माझ्या बोलन्याचा कंटाळा आला."

"नाही हो. मला ऐकूच येत नव्हतं."

"मग लेकीच्या लग्नाचं सांगितलं, तेबी न्हाई?"

मी दुकानात खुर्चीतून उठून उभा राहिलो.

"मे म्हैन्यात लग्न झालं की," निंगप्पा म्हणाला. "रेडिओवर सगळी एकदम भेटत्यात, म्हनून तितंच बोलावनं केलं. पत्रिका धाडू का म्हनून इचारलं, तर तुमी म्हनाला, बरं, छान, पुढं जाऊ. येताय ना समदी म्हनून इचारलं, तरी छान म्हनाला. मग आमी वाट बघितली. एकबी आला न्हाई. सुंदरम्मा म्हनली, शहरातली मानसं, रेडिओवर बोलत्यात नुसती. मग मी संच फडक्यात गुंडाळून ठिवला. पन बोलायचं बंद केलं तरी ऐकायचं सुटंना. चार दिवसांनी पुन्हा काढला. रोज ऐकतोय."

त्या सकाळी बाई एकट्याच नाही, आम्ही सगळेच त्याची माफी मागत होतो, एकमेकांच्या आवाजावर आवाज चढवून. निंगप्पा हसायला लागला. तो म्हणाला, "पंचमीला लेक म्हायेरी येतीया. जावईबी येनार. तवा या की मग."

नागपंचमीच्या दिवशी आम्ही वळसंगला गेलो. अवधूतच्या गाडीत बाई, नंदूकाका आणि मी, मागं मोटारसायकलवर बिरुदेव. बाईंनी लेकीला साडी घेतली होती. निंगप्पाला आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. आवाजावरून मला तो धिप्पाड वाटला होता, निघाला माझ्या खांद्याएवढा. अंगणात झाडाला झोका बांधला होता, आजूबाजूच्या पोरीबाळी त्यावरून किंचाळत होत्या, कुणीतरी मोबाइलवर गाणी लावली होती, शेळ्या बांधल्या जागी ओरडत होत्या.

निंगप्पाची बायको सुंदरम्मा बाहेर आली, बाईंना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "तवा तुमची पानं मांडून ठिवली व्हती. शेवटची पंगत अंधार पडंस्तर थांबवली."

बाईंनी तिचे दोन्ही हात धरले. सुंदरम्मानं हात सोडवून घेतले नाहीत. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "चला, बसा की आता. दिंडं गार व्हत्यात."

पुरणाची दिंडं खायला आम्ही ओळीनं बसलो. प्रियदर्शनी, म्हणजे निंगप्पाची लेक, वाढायला आली. हिरव्या बांगड्या, नवं मंगळसूत्र, मान खाली. बाई तिला म्हणाल्या, "आम्हाला लग्न बघायला मिळालं नाही. निदान नाव तरी घे, एकदा, आमच्यासाठी."

ती लाजली. आईनं डोळे वटारले तेव्हा तुपाचं भांडं हातात धरून, जमिनीकडं बघत, एका दमात उखाणा म्हणाली. झोक्यावरच्या पोरींचा कालवा, शेळ्या, मोबाइलवरची गाणी, यांत आम्हा कुणाला एक शब्दही लागला नाही. नंदूकाका अवधूतकडं बघत होते, अवधूत माझ्याकडं. आणि बाई मात्र हसायला लागल्या होत्या. शब्द न् शब्द ऐकू गेला होता तो एकट्या त्यांनाच, आणि जावयाचं नाव काय ते आम्ही मग त्यांनाच विचारलं.